आरशासमोरचा मुलगा

वयात येणारे मूल आरशापुढे अधिक वेळ रेंगाळू लागले, की घरातील वडीलधारी माणसे त्याला नटवे ठरवून मोकळी होतात. परंतु त्या पाहण्यात केवळ नटणे नसते. ‘मी दिसतो तरी कसा?’ या प्रश्नाआड ‘मी आहे तरी कोण?’ हा दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला असतो.

न्यूरेंबर्ग या जर्मन नगरातील एका सोनाराचा मुलगा आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, आरशात पाहून स्वतःचे चित्र रेखाटले. ते आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. लेप दिलेल्या कागदावर चांदीच्या अणकुचीदार कांडीने ते काढलेले आहे. या पद्धतीत उमटलेली रेघ सहजासहजी पुसता येत नाही. जे चुकले ते चुकलेलेच राहते. गाल अद्याप बाळसेदार, केस खांद्यांवर रुळणारे, डोक्यावर टोपी. एका हाताचे बोट पुढे रोखलेले आहे. दुसरा हात मात्र बाहीत लपला आहे. चित्र काढण्यात गुंतलेला हात चित्रात दाखवणे कठीण, म्हणून बहुधा त्याने ही युक्ती केली असावी. दृष्टी आपल्याकडे नसून बाजूला लागली आहे.

वडील त्याला स्वतःचा धंदा शिकवीत होते. मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. धंदा शिकण्यात गेलेला काळ वाया जाणार, याचे वडिलांना वाईट वाटले. तरी त्यांनी मुलाचे ऐकले आणि १४८६ मध्ये त्याला मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराच्या हाताखाली ठेवले. या निर्णयाचे बीज दोन वर्षे आधीच्या चित्रात शोधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मात्र पुढे प्रौढपणी ड्यूररने, हे आपण लहान असताना काढले, अशी नोंद त्याच कागदावर स्वहस्ते केली. यावरून त्या पोरवयातील प्रयत्नाची त्याला किती मातब्बरी वाटत होती, ते कळते.

सुमारे साडेचारशे वर्षांनी अमृता शेरगिल हिने पॅरिसमध्ये हाच मार्ग धरला. आई हंगेरियन, वडील पंजाबी शीख, जन्म बुडापेस्टचा. १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती पॅरिसला शिकावयास गेली. तिला एका चित्राने भागले नाही. कधी प्रसन्न, कधी विषण्ण अशी स्वतःची अनेक रूपे तिने रंगविली. १९३४ च्या अखेरीस भारतात परतल्यावर तिची दृष्टी खेड्यापाड्यांतील माणसांच्या चेहऱ्यांकडे वळली.