ब्रेडेड ऑइल कूलर लाइन: बनवायला शिकलात, आता विकायची कशी?



मागच्या व्हिडिओत आपण बेंचवर एक मीटरची ब्रेडेड ऑइल लाइन तयार केली. तो बघून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, हे तर सोपं दिसतंय. यात धंदा होईल का?" होईल. पण व्हिडिओत फक्त हात दिसतात. हिशेब दिसत नाही, आणि चूक कुठे होते तेही दिसत नाही. म्हणून हा लेख जरा सावकाश वाचा, शक्यतो वही घेऊन.

ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गाडीचं इंजिन ऑइल फार तापत असेल तर बंपरच्या मागे एक छोटा रेडिएटर लावतात, तो ऑइल कूलर. इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मधे सँडविच प्लेट नावाची चकती बसते. तिच्यातून एक लाइन गरम ऑइल कूलरकडे नेते आणि दुसरी ते परत आणते. या लाइनच्या आत रबराची होज असते आणि बाहेर स्टीलच्या तारेची वेणी. दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमची फिटिंग. तयार लाइन ठराविक लांबीतच मिळतात, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीत त्या कधी आखूड पडतात, कधी लोंबतात. आपला धंदा आहे तो या मधल्या जागेत.

गिऱ्हाईक कोण? रोज ऑफिसला जाणारा कारवाला नव्हे, हे आधीच डोक्यातून काढा. ट्रॅकवर किंवा रॅलीत गाडी पळवणारे, टर्बो गाडीचं ट्यूनिंग केलेले, ऑफरोडिंगचे शौकीन, आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीम. पीथमपूरची बाहा किंवा कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत, अशा स्पर्धांसाठी पोरं दरवर्षी नवी गाडी बांधतात. त्यांचं बजेट कमी असतं, घाई मात्र भरपूर. दोन-तीन कॉलेजं धरून ठेवलीत तर सुरुवातीची ओळख तिथून होते. कुणी शहरातल्या गाडीला कूलर लावायला आला तर त्याला सरळ सांगा की दादा, तुम्हाला गरज नाही. हिवाळ्यात नाशिकला सकाळी ऑइल आधीच गार असतं. थर्मोस्टॅट नसलेला कूलर ते अजून गार ठेवतो आणि इंजिनाचं नुकसानच करतो. एक ऑर्डर जाईल, पण तो माणूस पाच जणांना सांगेल की हा खरं बोलतो.

आटे ओळखता आले पाहिजेत

या कामात एएन साइज चालतात. गणित सोपं आहे: एएनपुढचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. एएन-६ म्हणजे ३/८ इंच, एएन-८ म्हणजे १/२ इंच, एएन-१० म्हणजे ५/८ इंच. हे होजचं ढोबळ माप झालं. फिटिंगचे आटे वेगळे असतात. एएन-८ ला ३/४ इंच १६ आट्यांचा यूएनएफ, एएन-१० ला ७/८ इंच १४ आट्यांचा यूएनएफ. दोन्हीचा कोन ३७ अंशांचा, आणि ऑइल अडतं ते त्या कोनावर. आटे फक्त आवळून धरतात. म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा सुटला तर थेट इंजिनात जातो.

आता फसवणारी जागा. हायड्रॉलिकच्या दुकानात सगळीकडे बीएसपी फिटिंग मिळतात. ५/८ बीएसपीलाही इंचाला १४ आटे, आणि त्याचा बाहेरचा व्यास ७/८ यूएनएफपेक्षा फक्त पाऊण मिलिमीटरच्या आसपास जास्त. त्यामुळे एएन-१० चा नर बीएसपीच्या मादीत छान फिरतो. हाताला वाटतं, बसलं की! पण आट्यांचा कोन वेगळा आणि सीटचा कोनही वेगळा. सँडविच प्लेटच्या बाबतीतही तसंच. ऑइल फिल्टरचे आटे काही गाड्यांना ३/४-१६ असतात, काहींना एम२० x १.५. मापात एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. चुकीचं जोडलं तर सैल बसतं, दोन-चार आटे धरतात आणि गाडी गॅरेजातून बाहेरही पडते. पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून व्हर्नियर आणि थ्रेड गेज ही दोन हत्यारं पहिल्या दिवशीच घ्या. ग्राइंडर शेजाऱ्याकडून मागता येतो, गेज मागत बसू नका.

माप घेताना थेट टेपने मोजू नका. जुना बागेचा पाईप किंवा जाड दोर गाडीत प्रत्यक्ष फिरवून बघा आणि त्यावर खूण करा. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून थोडी ढील ठेवा. दोन्ही टोकांना कोनाची फिटिंग असेल तर एक टोक कुठे बघतं आणि दुसरं कुठे, याचा फोटो काढून ठेवा. नाहीतर लाइन पिळली जाते, आणि पिळलेली लाइन स्वतःच फिटिंग सैल करते.

कापणं आणि जोडणं

होजवर मास्किंग टेप घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा. एक मिलिमीटरची पातळ डिस्क किंवा बारीक दातांची हॅक्सॉ, दोन्ही चालतात. टेप नसेल तर वेणी झाडूसारखी फुलते आणि सॉकेटमध्ये जातच नाही. हातमोजे घाला. या तारा बोटात घुसल्या की आठवडाभर आठवण देतात.

कापल्यावर रबराची भुकटी आणि तारेचे कण आत राहतात. होज उभी धरून केरोसीनने धुवा, मग दोन्ही बाजूंनी हवा मारा. शेवटी त्या हवेपुढे पांढरा कागद धरा. कागदावर एकही काळा ठिपका नको. कूलरमधून परत येणारं ऑइल शेवटी बेअरिंगकडेच जातं.

आता सॉकेट होजवर फिरवत चढवा. होजचं टोक सॉकेटच्या आतल्या आट्यांच्या अलीकडे साधारण दीड मिलिमीटर थांबलं पाहिजे. आणि इथे, सॉकेट जिथे संपतं तिथे, होजवर टेपची एक पट्टी लावा किंवा मार्करने रेघ ओढा. हे विसरू नका. मग निपलच्या आट्यांना आणि शेपटीला इंजिन ऑइल लावा, सॉकेट वाईसमध्ये मऊ जॉ लावून धरा आणि निपल पान्याने आवळत जा. षटकोन आणि सॉकेट यांच्यात जेमतेम एक मिलिमीटरची फट उरली की थांबा. आता ती रेघ बघा. ती सॉकेटपासून मागे सरकली असेल तर निपलने होजला मागे ढकललंय. पकड अर्धीच आहे. खोला, टोक कापा, पुन्हा करा.

एक सूचना: रबर होजची फिटिंग आणि पीटीएफई होजची फिटिंग वेगळी असते. पीटीएफईला आत एक छोटी कडी लागते. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, दुकानदारही कधी कधी एकाच ट्रेमध्ये ठेवतो. विचारून घ्या.

ती रेघ ओढायला एवढं का सांगतोय? आमच्या एका जुन्या बॅचमधला मुलगा, हात फार चांगला. पाच-सहा लाइन बनवून विकल्या, सगळ्या सुंदर दिसायच्या. रेघ ओढायचा कंटाळा आणि टेस्ट पंप अजून घेतलेला नव्हता. सातवी लाइन लावलेली गाडी तीन आठवडे नीट चालली आणि खंबाटकी घाटात ऑइल पूर्ण तापल्यावर होज सॉकेटमधून सटकली. ऑइल प्रेशरचा दिवा ड्रायव्हरला दिसेपर्यंत इंजिन कोरडं पडलं होतं. गरम एक्झॉस्टवर ऑइल उडालं, धूर झाला, नशिबाने आग लागली नाही. इंजिनाच्या कामाचं बिल त्या मुलाच्या तीन महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त होतं आणि त्याने ते भरलं. लाइन विकली होती चार हजारांना. मी तेव्हा त्याला जोडणी शिकवली होती, टेस्टिंग "नंतर बघू" म्हणून सोडलं होतं. त्यात माझीही चूक आहे, म्हणून आता टेस्टिंगशिवाय हा धडा मी शिकवत नाही.

टेस्ट कशी करायची

गरम इंजिन आयडलला साधारण एक बार प्रेशर देतं, पळताना चार-पाच. थंडीत सकाळी स्टार्ट करताना सातपर्यंत जाऊ शकतं. आपण १५ बारला तपासायचं. भिंतीतल्या पाईपलाइन तपासायला प्लंबर हाताने चालवायचा जो टेस्ट पंप वापरतात, तोच पुरतो. एक टोक प्लगने बंद करा, लाइनमध्ये पाणी भरून हवा पूर्ण काढा, १५ बार चढवा आणि दहा मिनिटं सोडा. काटा हलला नाही आणि टिश्यूने पुसल्यावर जोड कोरडा राहिला तर लाइन पास. त्यानंतर पाणी काढून वाळवा, आतून थोडं इंजिन ऑइल फिरवा आणि टोकांना कॅप लावा.

कॉम्प्रेसरच्या हवेने ही टेस्ट करू नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, फिटिंग सुटली तर गोळीसारखी येते. पाण्याने सुटली तर फार तर कपडे भिजतात.

पास झालेल्या प्रत्येक लाइनला नंबर द्या. वहीत तारीख, होज कुठून घेतली, फिटिंग कोणती, टेस्ट प्रेशर, गाडी कोणती, हे सगळं लिहा. तोच नंबर लाइनवरच्या लेबलवर. गिऱ्हाइकाला हे कार्ड दिलंत की तो भाव करायचं विसरतो, हा अनुभव आहे.

आता हिशेब

खालचे भाव मी समजुतीसाठी धरलेत. तुम्ही नागदेवी स्ट्रीट, नाना पेठ किंवा तुमच्या गावचा भाव टाका. एएन-१० च्या एक-एक मीटरच्या दोन लाइन. होज दोन मीटर, ९०० रुपये मीटरने १८००. चार फिटिंग, ४५० प्रमाणे १८००. झाले ३६००. नवीन माणूस इथेच थांबतो, ४५०० सांगतो आणि ९०० कमावले म्हणून खूश होतो.

पण कापताना वाया गेलेले तुकडे १५०. डिस्क, टेप, केरोसीन ८०. पॅकिंग आणि कुरिअर २००. माप, जोडणी, टेस्ट मिळून अडीच तास, तासाला २०० धरले तर ५००. भाडं आणि लाइटबिलाचा वाटा ३००. आणि कधीतरी एखादी लाइन परत येणारच, तिच्यासाठी प्रत्येक जोडीमागे बाजूला २५०. बेरीज करा: ५०८०. म्हणजे ४५०० ला विकणारा प्रत्येक जोडीमागे ५८० रुपये खिशातून घालतोय, आणि त्याला ते वर्षभर कळतही नाही, कारण स्वतःची मजुरी तो मोजतच नाही. माझ्या मते या उदाहरणात ६००० च्या खाली कोटेशन देऊ नये. शेजारी स्वस्त देतो म्हणून टेस्ट काढून टाकून भाव पाडणं, ही वाट खंबाटकीच्या घाटातूनच जाते.

माल सुरुवातीला एएन-८ आणि एएन-१० एवढाच ठेवा. होजचं पूर्ण बंडल घेऊ नका, रबराला वय असतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, करून टाका. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं, पण माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर ती सवलत चालत नाही. कोइमतूरच्या टीमने मागवलं तर आधी सीएला फोन करा.

काही कामं येतील ती घेऊ नका. ब्रेकच्या लाइन या बेंचवर बनवायच्या नाहीत. पॉवर स्टीअरिंगची प्रेशर लाइनही नाही, तिथे ऑइल लाइनच्या कित्येक पट दाब असतो आणि मशीनने प्रेस केलेली हायड्रॉलिक होजच लागते. पेट्रोलची लाइन मागितली तरी नाहीच. "थोडक्यासाठी कशाला नाही म्हणता?" असं गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू द्या.

गाडीत बसवायचं काम मेकॅनिकचं असेल तर त्याला दोन गोष्टी लिहून द्या. स्टीलची वेणी कानशीसारखी असते, जिथे घासेल तिथे वायर, अॅल्युमिनियमचा पाईप, रंग, सगळं कापते. म्हणून रबर लावलेल्या क्लिपने लाइन बांधायची. आणि शंभर किलोमीटरनंतर जोड पुन्हा बघायचे, लेव्हल तपासायची. कूलर आणि लाइन भरल्यावर इंजिनातलं ऑइल कमी होतं, हे पुष्कळ मेकॅनिक विसरतात.

या आठवड्याचा अभ्यास: अर्धा मीटर होज आणि दोन फिटिंग आणा, एक लाइन बनवा, १५ बारला टेस्ट करा. मग ती पास झाली तरी एक टोक वाईसमध्ये धरून हॅक्सॉने उभं चिरा आणि आत बघा, होज कुठपर्यंत गेली आहे, निपलने रबर कुठे दाबलंय, तारा कुठे अडकल्या आहेत. सहाशे-सातशे रुपयांचा माल वाया जाईल. फोटो काढून वहीत चिकटवा, पुढच्या भागात क्रिम्पिंग मशीन घ्यायचं की नाही ते बोलू तेव्हा तो लागेल.