लकव्यानंतरचा हात: पैसे कुठे घालावेत

लकवा येऊन गेल्यावर लुळ्या पडलेल्या हातात बिघाड नसतो. तो मेंदूत असतो. मेंदूच्या डाव्या भागातून निघणारे हालचालींचे बहुतेक तंतू मानेच्या वर, लंबमज्जेत, उजवीकडे जातात. म्हणून डावीकडचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात जातो. नुसत्या मालिशने मेंदू पुन्हा शिकत नाही. रुग्णाने स्वतः तीच हालचाल रोज शेकडो वेळा करावी लागते. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच पदरात पडतो, म्हणून पैसेही तेव्हाच घाला.

शहरात घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका खेपेचे साधारण 500 ते 1,000 रुपये घेतो. 600 रुपये धरले, तर आठवड्याला पाच खेपांनी बारा आठवड्यांचे 36,000 होतात. झेपत नसेल, तर पहिले चार आठवडे पाच-पाच आणि पुढचे आठ आठवडे दोन-दोन खेपा ठेवा. 21,600 मध्ये भागेल. पण मग घरातल्या कुणीतरी व्यायाम शिकून मधल्या दिवशी ते करून घ्यायलाच हवेत. नुसतं मशीन लावून बसणारा थेरपिस्ट असेल, तर सरळ बदला.

बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो, हे कितीतरी घरांना कुणी सांगतच नाही! मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपुरात शासकीय मेडिकलमध्ये ही सोय आहे, खासगीपेक्षा बरीच स्वस्त. रिक्षाभाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडणारा रोज तेवढा हिशेबात धरा.

रबरी चेंडू सगळेच आणतात. पण पुष्कळांची मूठ मिटते, उघडत नाही. चेंडू दाबून ती उघडणार कशी? त्यापेक्षा स्टीलचा पेला घ्या. बोटं पसरून तो धरायचा, वीतभर पुढे ठेवायचा, बोटं सोडवायची, पुन्हा धरायचा. खर्च शून्य. हजारो रुपयांचा रोबो-ग्लोव्ह थेरपिस्टकडे वापरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आरोग्य विमा असेल, तर बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरचा 60 किंवा 90 दिवसांचा खर्च मिळतो. त्यात फिजिओथेरपी बसते का, ते कंपनीला लेखी विचारा. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांकडून ती लिहून घ्या आणि प्रत्येक खेपेची सही-शिक्क्याची पावती ठेवा.

आणि रुग्णाला उठवताना लुळा हात ओढू नका, काखेतूनही उचलू नका. सैल पडलेला खांदा त्याने निसटतो, दुखू लागतो आणि पैसे भरलेला व्यायाम ऐन मोक्याच्या आठवड्यांत बंद पडतो.