पोरगं बोलत नाही, मग साहेब कसं होणार?

निमोण्यात काय किंवा शिरूरच्या कुठल्याही गावात काय, दहावी-बारावीच्या पालकांशी बोलायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. "हुशार आहे हो, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. कंपनीत चिकटलं तरी पुढं कसं जाणार?" माईक हातात घेतो तोच पुढारी, अशी आपली पक्की समजूत आहे. घरात सतत हे ऐकून चांगली पोरंही स्वतःला मागच्या बाकावर नेऊन बसवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या तालुक्यातच रांजणगावची एमआयडीसी आहे. एलजी, व्हर्लपूल, फियाट अशा कंपन्यांचे कारखाने तिथं आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा करून पोरं अशा कारखान्यांत ट्रेनी म्हणून लागतात आणि काही वर्षांनी त्यांतला एखादा टीम लीडर होतो. तो कोण असेल, हे शिफ्ट बदलताना कळतं. एक जण बस चुकेल म्हणून "सगळं ओके" म्हणत निघतो. दुसरा दोन मिनिटं थांबतो. "तीन नंबरचं मशीन दोनदा ट्रिप झालंय, मेंटेनन्सला कळवलंय, अजून कुणी आलेलं नाही. शेवटच्या ट्रेमधले पीस बाजूला ठेवलेत, माप पुन्हा बघा." याला वक्तृत्व लागत नाही. आपल्या शिफ्टमधली गडबड स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत मात्र लागते. पुढची शिफ्ट अशा माणसाच्या शब्दावर मशीन चालू करते.

जपानच्या टोयोटा कंपनीनं तर ही गोष्ट कामाच्या पद्धतीतच बसवली. काही चुकतंय असं दिसलं की लाइनवरचा साधा कामगारही दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर त्याच्याकडे येतो. ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आता आल्या आल्या तो "कुणी केलं हे?" म्हणून खेकसला, तर पुढच्या खेपेला दोरीला हात कोण लावेल? म्हणून "काय झालं?" असं विचारून शांतपणे ऐकून घेणारा माणूस तिथं लागतो. कमी बोलणाऱ्या पोरांना हे ऐकून घेणं बऱ्याचदा आधीपासूनच जमत असतं.

नकोशी गोष्ट सगळ्यांसमोर सांगण्याचं जवळचंच उदाहरण हवं असेल तर नगर तालुक्यातलं हिवरे बाजार घ्या. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथं सरपंच झाले. पुढं २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे सगळं आपण ऐकलेलं असतं. मला त्यांचं सगळ्यात अवघड काम वाटतं ते पाण्याच्या ताळेबंदाचं. पाऊस किती झाला ते मोजायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचं. उसाला आणि केळीला मनाई, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. घोड धरणाच्या आवर्तनाकडं डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला विचारा, "यंदा हे पीक नको" असं गावाला सांगणं किती जड असतं ते. आकडे सगळ्यांपुढं उघडे आणि नियम सगळ्यांना सारखा असला, तरच लोक असा नकार पचवतात.

खरं ते वेळेवर सांगायची ही सवय कॉलेज संपल्यावर एकदम अंगी येत नाही. शिबिरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाचं जेवण सांभाळलं, यात्रेच्या वर्गणीची वही लिहिली, तर ती लागते. मुलाखतीत "कशाची जबाबदारी घेतली होतीस?" असं विचारलं, तर "माझ्यात नेतृत्वगुण आहेत" हे पाठ केलेलं वाक्य नको. वर्गणी कुठं कमी पडली, कुणाला कसं सांगितलं, मग काय केलं, एवढंच सांगावं.

आणि पालकांनो, मुलींनाही यातून वगळू नका. घरात गाई असतील तर डेअरीचा हिशेब या महिन्यापासून पोरीकडं द्या. चिठ्ठीवरचं फॅट, एसएनएफ तिनं रोज लिहावं, पेंडीचा खर्च मांडावा आणि फॅट घसरलं की विचारायच्या आधी तिनंच येऊन सांगावं. ती सांगायला आली, की त्या वेळी तिच्यावर ओरडू नका.