कावळ्याचे घर आणि आपले हसू

शास्त्रपाठ : मत्तय 7:3-5, नीतिसूत्रे 17:22



सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबे द्राक्ष-कांद्याच्या कामाला निफाड तालुक्यात येतात. विंचूरच्या शिवारात त्यांच्या ताडपत्रीच्या झोपड्यांपाशी मी लहान मुलांना गोष्टी सांगते. "गोष्टी उलट्यापालट्या करून मुलांना खोटे का शिकवता?" असे मंडळीत कोणी कोणी विचारतात. म्हणून हा पाठ.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. मेणाच्या घरातली चिमणी दार उघडायला वेळ लावते. पक्क्या घरातले मूल कावळ्याला हसते. पण ज्याच्या डोक्यावरची ताडपत्रीच गळते, त्याने कोणाला हसावे?

म्हणून आम्ही गोष्ट पुढे उन्हाळ्यात नेतो. मेणाचे घर वितळते, चिमणीचे पंख चिकटतात आणि ती कावळ्याचे दार ठोठावते. कावळा म्हणतो, "थांब, माझं बाळ कांदे मोजतंय. मध्ये बोललं की पुन्हा एकपासून!" मुले हसून लोळतात. मग मी विचारते, दार उघडायचे का? "उघड, उघड!" असा ओरडा होतो. दया काय असते, हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नाही.

डोळ्यात मुसळ असलेला माणूस दुसऱ्याचे कुसळ काढायला निघाला, हे चित्र प्रभू येशूनेच रंगवले. ते खोटे नव्हे. हसवून दाखवलेले सत्य आहे, आणि ते हसू आपल्यावरच उलटते.

हे काम नवे नाही. रेव्ह. ना. वा. टिळकांनी मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिकाचे संपादन केले. बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी.

घरी किंवा संडेस्कूलमध्ये सांगताना एवढे पाळा :

1. मूळ गोष्ट आधी पाठ होऊ द्या. सरळ ठाऊक असेल तरच उलटे कळते.
2. रंग, गरिबी, बोली यांवर विनोद नको. मूल आपल्या बोलीत बोलले तर तो शब्द गोष्टीत घ्या.
3. शेवट मुलांना ठरवू द्या.
4. पवित्र शास्त्रातील वृत्तांत मात्र आहे तसाच सांगा.

विचारासाठी : आपल्या घरात कोणाला हसले जाते? आपल्या दारात आज कोणता कावळा भिजत उभा आहे?

प्रार्थना : प्रभो, आमच्या हसण्यातले विष काढ आणि आमचे दार वेळेवर उघड. आमेन.