जुन्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे रंगकाम

दर जानेवारीत भरणाऱ्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतून घरी आलेली खेळणी वर्षभरात मोडतात व फडताळाच्या तळाशी जाऊन पडतात. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेल्या शिपायांचीही पुढे तीच गत होते. अशी जुनी माणसे, बैल, घोडे विद्यार्थ्यांच्या घरून मागविल्यास हस्तव्यवसायाच्या तासाला विनामूल्य साहित्य मिळते. मात्र रंगाची डबी उघडण्यापूर्वी हाती आलेली वस्तू कोणत्या पदार्थाची आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

प्रथम धोक्याविषयी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; खेळण्यांवर मानकचिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. त्यापूर्वीच्या खेळण्यावरील रंगात शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. म्हणून जुना रंग चाकूने खरवडणे किंवा कोरड्या पॉलिश पेपरने घासणे वर्गात सर्वथा वर्ज्य होय. ती धूळ श्वासावाटे आणि बोटांवाटे शरीरात जाते व मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. रंगाचे पोपडे सुटत असलेले खेळणे मुलांच्या हाती देऊच नये. मूळचे एकरंगी, वरून रंग न दिलेले निवडावे. फार जुन्या पातळ बाहुलीस घासल्यावर कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइडची समजावी. हा पदार्थ भडकन पेट घेतो. पदार्थ ओळखण्यासाठी काडी लावून पाहण्याची काहींची रीत आहे, ती सोडून द्यावी.

ओळखीस पाण्याची बादली पुरे. भरीव तुकडा बोटांनी दाबून पाण्यात बुडवावा व त्यास चिकटलेले बुडबुडे झटकून टाकावेत. (पोकळ खेळणे आतील हवेमुळे फसविते.) तो वर येऊन तरंगला आणि स्पर्शास मेणासारखा वाटला, तर बहुधा पॉलिथीन, १९३३ साली इंग्लंडात प्रथम हाती लागलेला हाच तो पदार्थ. कडक, ठिसूळ तुकडा तळाशी गेला, तर पेलाभर पाण्यात चार-पाच चमचे मीठ विरघळवून त्यात टाकावा. तेथे तो वर आला, तर पॉलिस्टायरीन असण्याचा संभव अधिक. घनतेचा पाठ इतक्या सहज शिकविण्याची संधी क्वचितच मिळते. तास लांबला तरी चालेल.

पॉलिस्टायरीनवर रंग चांगला बसतो. पण थिनर वा पेट्रोल लागताच ते विरघळते. पॉलिथीनचे उलट : रंग धरत नाही, वाकेल तेथे सुटतो, नेहमीचा गोंदही चिकटत नाही. मोडलेला पाय तारेची बारीक खुंटी घालूनच बसवावा. वाकलेली आकृती गरम, परंतु न उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून सरळ करावी व लगेच गार पाण्यात धरावी. हे काम शिक्षकाने स्वतः करावे. त्यानंतर साबणाने धुणे, सावलीत वाळविणे, आणि पाण्यात कालविणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. जाड थराने चेहऱ्याची कोरीव रेघ बुजते, मग मिशी काढून ती परत येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर वाळत घालू नये. आकृत्या वाकड्या होतात.

सगळीच खेळणी रंगवू नयेत. एखाद्याच्या आजोबांनी खेळलेला घोडा झिजलेलाच राहू द्यावा व तो कोणाचा, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

रंगविलेल्या आकृत्या कपाटात ठेवण्यापेक्षा वर्गात मांडाव्यात. सोलापुरातील सात रस्ता हा चौक खडूने जमिनीवर आखावा. इतक्या वाटांनी येणाऱ्यांनी एकमेकांस वाट कशी द्यावी, हे खेड्यातील मुलास फळ्यावर सांगून उमगत नाही; बैलगाडी व पादचारी स्वतः पुढे सरकविताना उमगते. उंचावलेल्या हातातील बंदूक मोडलेला शिपाई मिळाला तर उत्तमच. तो मध्यभागी वाहतूक पोलीस म्हणून शोभतो.