चिठ्ठी पुढच्या पानावर गेली का?

मंडळी, सरकारी दवाखान्यात आपण सगळेच जातो. आधी खिडकीवर केसपेपर काढतो. तो घेऊन डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर त्यावर औषध लिहितात. मग तोच कागद घेऊन आपण औषधाच्या खिडकीपाशी उभे राहतो.

औषध देणाऱ्याला आपला आजार ठाऊक नसतो. तो कागद वाचतो आणि गोळ्या देतो. कागदावर एक औषध लिहायचे राहिले, तर ते मिळत नाही. मोबाइलवरचे दुकानही असेच चालते. ते कसे, ते आज आपण पाहू.

ताडपत्रीची गोष्ट

आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरी भाऊ येतात. वैशाखात त्यांचा कांदा काढून झाला. ढीग शेतातच होता. चाळीत भरायचा राहिला होता. वळवाचा पाऊस केव्हा येईल, सांगता येत नाही. म्हणून त्यांनी मोबाइलवरून ताडपत्री मागवायचे ठरवले.

शोधाच्या चौकटीत त्यांनी ‘ताडपत्री’ असे लिहिले. १८ बाय २४ फूट हे माप निवडले. पहिल्या पानावरच्या किमती परवडेनात. म्हणून दुसरे पान उघडले. तिथे एक स्वस्त ताडपत्री दिसली. त्यांनी ती लगेच मागवली.

चार दिवसांनी पार्सल आले. उघडून पाहतात तो काय, ताडपत्री १२ बाय १५ फुटांची! त्याच रात्री पाऊस आला. अर्धा ढीग झाकला गेला. अर्धा भिजला. भिजलेला कांदा सडला.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले आणि म्हणाले, “गुरुजी, माप तर मी बरोबर टाकलं होतं. मग चुकलं कुठं?”

आम्ही त्यांच्या मोबाइलवर सगळे पुन्हा करून पाहिले. पहिल्या पानावर माप होते. दुसऱ्या पानावर गेलो, तर माप गळाले होते! त्या दुकानाच्या पानातच दोष होता. चिठ्ठी पुढे गेली होती, पण तिच्यातली एक ओळ मागे राहिली होती.

दुकान विसरते

मोबाइलवरचे दुकान म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला संगणक. आपण पान मागतो, तो पान पाठवतो. पान पाठवले की त्याचे काम संपले. पुढचे पान मागितले, की आपण त्याला नवेच गिऱ्हाईक.

असे का? टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. तेव्हा ते स्वित्झर्लंडमध्ये सर्न या संशोधन संस्थेत काम करीत होते. पाने मागण्याची रीत त्यांनी अगदी सोपी ठेवली. प्रत्येक मागणीत हवे ते सगळे सांगायचे. मागचे काही धरून चालायचे नाही. एका वेळी हजारो गिऱ्हाइके आली, तरी संगणकाला प्रत्येकाचे लक्षात ठेवावे लागत नाही. म्हणून काम झटपट होते.

पण मग आपण काय शोधत होतो, हे पुढच्या पानाला कळणार कसे? त्यासाठी चिठ्ठी लागते.

चिठ्ठी कुठे असते?

ब्राउझरमध्ये पान उघडले, की पत्त्याची एक ओळ दिसते. बहुतेक दुकानांत शोधाची चिठ्ठी या पत्त्यालाच जोडलेली असते. खरा पत्ता इंग्रजी अक्षरांत असतो. समजण्यासाठी आपण तो मराठीत लिहू :

दुकान/शोध?वस्तू=ताडपत्री&माप=१८-२४&पान=१

प्रश्नचिन्हाच्या आधी दुकानाचा पत्ता आहे. प्रश्नचिन्हानंतर चिठ्ठी सुरू होते. ‘=’ या चिन्हाच्या डावीकडे नाव असते, उजवीकडे आपण दिलेली किंमत किंवा शब्द. ‘&’ म्हणजे ‘आणि’.

आता दुसऱ्या पानाचा पत्ता पाहा :

दुकान/शोध?वस्तू=ताडपत्री&पान=२

काय राहिले? माप राहिले! संगणकाने चिठ्ठी वाचली. तिच्यात माप नव्हते. म्हणून त्याने सगळ्या मापांच्या ताडपत्र्या दाखवल्या.

टोपलीचे काय?

तुम्ही विचाराल, “दुकान जर विसरतं, तर टोपलीत टाकलेली वस्तू तिथंच कशी राहते?” त्याची युक्ती निराळी आहे. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला बिल्ला मिळतो. बिल्ला दाखवला की चपला परत मिळतात. तसाच एक बिल्ला दुकान आपल्या मोबाइलमध्ये ठेवते. त्याला ‘कुकी’ म्हणतात. १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली या तरुणाने ही युक्ती काढली. आपण पुढचे पान मागतो, तेव्हा हा बिल्लाही सोबत जातो. मग आपली टोपली कोणती, ते दुकान ओळखते.

आपण काय करावे?

१. पान बदलले, की आपण निवडलेले माप आणि किंमत पुन्हा वाचावी. ती पानाच्या वरच्या भागात लिहिलेली असते. दुकानाचे ॲप असेल तर पत्त्याची ओळ दिसत नाही. पण निवडलेले माप तिथेही पाहता येते.

२. माप गळाले असेल, तर पुन्हा निवडावे.

३. चित्रावर विसंबू नये. चित्रात लहान ताडपत्रीही मोठी दिसते. पैसे देण्यापूर्वी वस्तूचे माप अक्षर न् अक्षर वाचावे.

४. शोधाच्या चौकटीत पिन किंवा ओटीपी कधीही लिहू नये. पत्ता दुसऱ्याला पाठवला, की त्याला जोडलेली चिठ्ठीही त्याच्याकडे जाते.

त्या शेतकरी भाऊंनी यंदा पुन्हा ताडपत्री मागवली. दुसऱ्या पानावर गेल्यावर ते थांबले. माप वाचले. ते गळाले होते. त्यांनी ते पुन्हा निवडले. आलेली ताडपत्री बरोबर १८ बाय २४ फुटांची निघाली. ते म्हणाले, “गुरुजी, वाचता येत होतं, पण वाचत नव्हतो.”

मंडळी, हे आपण सगळ्यांनीच ध्यानात ठेवू या.

सराव

१. वरच्या दोन पत्त्यांतील फरक वहीत लिहा.
२. ‘वस्तू=विळा&किंमत=३००’ ही चिठ्ठी मोठ्याने वाचा. ती काय मागते, ते शेजाऱ्याला सांगा.
३. घरच्या मोबाइलवर एखादी वस्तू शोधा. दुसऱ्या पानावर माप टिकते का, ते पाहा.