दिवस राहण्याआधीच्या तपासण्या

प्रश्न : वय २९. थायरॉइडची गोळी चालू आहे, हिमोग्लोबिन ९.८. दिवाळीनंतर बाळाचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, दिवस राहिले की मगच डॉक्टर. आत्तापासून तपासण्या कराव्यात का?

उत्तर : कराव्यातच. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचंही अनेकींच्या ध्यानात आलेलं नसतं. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड रोज, प्रयत्नांच्या निदान महिनाभर आधीपासून. तीन महिने मिळाले तर उत्तम. थायरॉइडची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, टीएसएच बघून डोस ठरवून घ्या. तुमचं हिमोग्लोबिन कमीच आहे, आणि नुसत्या खजूर-गुळावर ते भरून निघणार नाही. लोहाची गोळी मात्र थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, लिंबूपाण्यासोबत. चहा तिच्या आसपास नको. थॅलेसेमियासाठी एचबीए२ एकदा बघाच. रुबेलाची लस राहिली असेल तर घ्या आणि पुढे महिनाभर थांबा.

आणि यजमान? शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा त्यांना तंबाखूची सवय असेल तर ती आजच सुटायला हवी. ‘गोड बातमी कधी?’ विचारणाऱ्यांना तोंड देण्याचं कामही त्यांच्याकडेच सोपवा. झोप उडाली, सारखं रडू येऊ लागलं, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.